‘नेक वाकलाय’ म्हणून आलेली लाल गिटार

ही गिटार माझ्याकडे आली ती निकाल लागूनच. मुलीच्या क्लासच्या सरांनी सांगून टाकलं होतं की नेक (गिटारची मान) वाकलाय, सूर धरणार नाही. एका दुरुस्तीच्या दुकानाने कागदावर लिहून दिलं होतं: नवा नेक, नवे पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळ्या), नवा रंग. आकडा एवढा की त्यात शिकाऊ पातळीची कोरी इलेक्ट्रिक गिटार आली असती आणि वर छोटा अ‍ॅम्पही. मालक नाशिकरोडचे, चाळिशीतले गृहस्थ. म्हणाले, "दादा, बाबांची आहे म्हणून टाकवत नाही. पोरीला वाजवायचीय. होत असेल तर बघा, नाहीतर भिंतीवर लावून टाकतो."

जुनी वाद्यं भिंतीवर लावायची आपल्याकडे फार हौस. खिळा ठोकला की वाद्याचं म्हातारपण सुखात गेलं असं समजतात. उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर चाळीस अंशांत तापणाऱ्या लाकडाला कोणी विचारत नाही.

वाद्याची हकिगत अशी. बाबा प्रेसमध्ये नोकरीला होते (नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हणजे नोटांचा छापखाना, हे सांगावं लागत नाही). गणपतीत आणि लग्नसराईत ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार कोलकात्यात बनलेली, सत्तरच्या दशकाच्या शेवटी घेतलेली. १९९१ च्या आधी परदेशी गिटार घ्यायची तर आयातशुल्काने कंबरडं मोडायचं, त्यामुळे ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हातात बहुधा कोलकात्याचाच माल असे. बॉडी प्लायवुडची, पिकअपच्या खाचेत थर मोजता येतात. दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप, लाल रंग, आणि बॉडीवर पेंटरने ब्रशने काढलेली ऑर्केस्ट्राची पांढरी आद्याक्षरं. दुकानदाराच्या अंदाजपत्रकातल्या ‘नवा रंग’ या दोन शब्दांत ही अक्षरं खरवडून जाणार होती.

आधी मोजमाप, मग पाना

गिटार हातात आली की लोक पहिल्यांदा तारा काढतात. मी उलट करतो. तारा ताणलेल्या असतात तेव्हाच वाद्य आपलं दुखणं सांगतं. एकदा सैल केल्या की पुरावा गेला. सरांनी १० चा (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) नवा सेट चढवलेला होता, म्हणजे सहा तारांचा मिळून ४६–४७ किलोचा ताण नेकवर होता. तपासायला हे उत्तमच.

नट म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी, फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी, म्हणजे तारेची पूर्ण लांबी ६४८ मिमी. अमेरिकन स्ट्रॅटोकॅस्टरची तीच, साडेपंचवीस इंच. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साडेसहा मिमी निघाली. वाजवण्याजोग्या गिटारीत ती दीड-दोन मिमी असते. इथवर सरांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण नंतर पहिल्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, तर तिथे ३.२ मिमी. तिथे जेमतेम अर्धा मिमी हवी.

प्रकरण इथेच फिरलं. तारांच्या ओढीने नेक धनुष्यासारखा वाकला तर मधल्या फ्रेटांवर उंची वाढते. पहिला फ्रेट नटला चिकटूनच असतो. नेक कितीही वाकला तरी तिथे तीन मिमी फट पडत नाही. ती पडायची तर नटच उंच हवा.

खात्रीसाठी तारेचीच पट्टी केली. तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मधे सातव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहायचं. ताणलेल्या तारेइतकी सरळ पट्टी घरात दुसरी नसते. फट निघाली ०.४ मिमी. आदर्श ०.२ ते ०.३. चाळीस-पंचेचाळीस पावसाळे काढलेल्या नेकला हे अंग फार चांगलं म्हणायचं. नेकच्या पाठीवर छोटा निओडायमियम चुंबक फिरवला, तो मधल्या रेषेवर ओढला गेला. म्हणजे आत लोखंडी सळई आहे. ती फिरवायची सोय कुठेही नाही, पण आपलं काम ती करत होती.

मग सूर का जात होता? हिशेब वहीत मांडला. ६४८ मिमीच्या गिटारीवर नट आणि पहिला फ्रेट यांत ३६.४ मिमी अंतर असतं. एवढ्याशा अंतरात तार ३.२ मिमी खाली दाबायची म्हटली की तिची लांबी साधारण ०.१४ मिमीने वाढते. ऐकायला काहीच नाही. पण पोलादी तार फार कडक. तेवढ्याने पहिली पातळ तार सुमारे पाव अर्धस्वर चढते आणि तिसरी, साधी जाड तार पाऊण अर्धस्वराच्या आसपास. सहा तारा सहा तऱ्हेने चढलेल्या. त्यावर जी मेजरची कॉर्ड धरली की कान मिटून घ्यावेसे वाटणारच. मोकळ्या तारा मात्र ट्यूनरवर तंतोतंत. सरांना मी दोष देणार नाही: वर्गात दहा पोरं, बाराव्या फ्रेटवर सहा मिमी उंची दिसते, आणि असा माणूस शंभरातल्या नव्वद वेळा ‘नेक वाकलाय’ म्हणून बरोबर ठरतो.

फ्रेट कोरे, पाठ झिजलेली

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात वाजलेल्या गिटारीच्या पहिल्या पाच-सहा फ्रेटांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात, निकेल-सिल्व्हरचे फ्रेट असले तरी. इथे एकही नाही. फ्रेट काळवंडले होते, पण कोरे. फिंगरबोर्ड (नेकची वरची फळी) शिसवाचा, त्यावर बोटांनी पडणारे खळगेही नाहीत. म्हणजे वाजवलीच नाही म्हणावं, तर उजव्या हाताखालचा रंग पार उडालेला, व्हॉल्यूमचं बटण गुळगुळीत, आणि पाठीमागचा लाल रंग दोन मोठ्या पट्ट्यांत घासून लाकडापर्यंत गेलेला. उभ्याने पट्टा अडकवून वाजवली तर पाठीवर बेल्टच्या बकलाचे ओरखडे उठतात. दोन समांतर घासलेल्या पट्ट्या मांड्यांच्या असतात.

तारा सैल करून नटला हात लावला तर तो चिकटवलेलाच नव्हता. तारांच्या दाबावर बसला होता. खालून अडीच मिमी जाडीची पितळी पट्टी निघाली, कडा कानशीने नीट मारलेल्या. ब्रिजही (बॉडीवरचा तारांचा आधार) दोन चाकी स्क्रूंवर शेवटपर्यंत वर चढवलेला. आणि पिकअपच्या खाली सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे: तारा वर गेल्या म्हणून पिकअपही त्यांच्या मागोमाग उचललेले.

मालकांना फोन केला, बाबा गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे का? त्यांना आठवेना, ते लहान असतानाच बाबांचं ऑर्केस्ट्रा सुटलं होतं. फोन आजींकडे गेला. त्या म्हणाल्या, "मग! मांडीवरच. ती पट्टी त्यांनी भांडीबाजारातून कापून आणली होती. आणि एक लोखंडी दांडी होती हातात धरायची. ती ह्याने भातुकलीत लाटणं म्हणून हरवली."

हवाईयन गिटार. ज्याला आपण गिटारचा बिघाड समजत होतो ती तिची मुद्दाम केलेली मांडणी होती. या पद्धतीत तार फ्रेटवर दाबायचीच नसते. डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवायची, फ्रेट फक्त खुणेपुरते. तारा उंच नसतील तर दांडी फ्रेटांवर आपटून खडखडते, म्हणून नट वर उचलायचा. उंचीमुळे सूर चढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तार दाबली जात नाही.

नव्या पिढीच्या गिटारवाल्यांना हे सांगावं लागतं याचं नवल वाटतं. विजेची गिटार बाजारात आली तीच मुळी या अवतारात: रिकेनबॅकरचं १९३२ चं अ‍ॅल्युमिनियमचं वाद्य, ज्याला त्याच्या गोल बॉडी आणि लांब दांड्यामुळे ‘फ्राइंग पॅन’ नाव पडलं, ते मांडीवर ठेवून दांडीने वाजवायचं हवाईयन वाद्य होतं. खांद्यावर अडकवायच्या सॉलिड (भरीव) बॉडी गिटारी घाऊक निघाल्या त्या १९५० नंतर. आपल्याकडे तर हवाईयन गिटार हिंदी सिनेगीतांच्या धुनांमधून घराघरांत पोचली होती. व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं रेकॉर्डवर वाचलेली माणसं अजून नाशकात भेटतात. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) या वाद्यावर आयती निघते, म्हणून ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर रागसंगीत नेलं आणि पुढे विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्यातूनच उभी राहिली. स्पॅनिश (म्हणजे तार बोटाने फ्रेटवर दाबून वाजवायच्या) गिटारचा नट उचलून हवाईयन करणं हा त्या काळचा सर्रास प्रकार होता. बाबांनी तो फार सफाईने केला होता. एक भोक नवं पाडलेलं नाही, एक खाच खोल केलेली नाही. पट्टी काढा, गिटार पूर्ववत.

आवाजाचं दुखणं मात्र खरं

नेकची तक्रार खोटी निघाली, पण वीज खरोखर बिघडली होती. अ‍ॅम्पला जोडताच ५० हर्ट्झची घरघर. तारांना हात लावला तरी कमी होईना. जॅकच्या (वायर खुपसायच्या जागेच्या) धातूला बोट लावलं की बंद. नीट असलेल्या गिटारीत तारांना हात लावताच घरघर मंदावते, कारण ब्रिजपासून एक वायर अर्थला गेलेली असते. इथे ती ब्रिजच्या तळाशी गंजून तुटली होती. ती जोडणं दहा मिनिटांचं काम.

इथे एक सांगून ठेवतो. ही वायर जोडली की वाजवणाऱ्याचा हात थेट अ‍ॅम्पच्या चेसिसशी जोडला जातो. चेसिस अर्थ असेल तर उत्तम. जुन्या दोन पिनच्या अ‍ॅम्पवर, मांडवातल्या उधार कनेक्शनवर, समोरच्या माइकला ओठ लागले की झटका बसलेले ऑर्केस्ट्रावाले मी पाहिलेत. म्हणून गिटार परत देताना घरातलं सॉकेट तपासायचं, तीन पिना आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय अ‍ॅम्प लावायचा नाही, हे मालकांना लिहून दिलं.

व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) साफ केल्यावर सुधारला. ब्रिजकडचा पिकअप मल्टिमीटरवर ५.८ किलोओहम, निरोगी. नेककडचा मात्र खुला. काहीच वाचन नाही. अशा वेळी तार बहुधा बाहेरच्या टोकाला तुटलेली असते आणि काही वेढे उलगडले की जीव परत येतो. उलगडून पाहिलं, आला नाही. या पिकअपमध्ये वेढे थेट चुंबकाच्या कांड्यांवरच घातलेले, मधे टेपही नाही. घामाचा खारटपणा कांड्यांवरून आत उतरून अगदी पहिल्या वेढ्यांपाशी तांबं हिरवं पडलं होतं. आतलं टोक गेलं की सगळं उलगडून पुन्हा गुंडाळण्याशिवाय इलाज नाही.

नाशकात शेतीपंपांमुळे मोटार वायंडिंगची दुकानं पावलोपावली. द्वारका चौकाजवळच्या ओळखीच्या मामांकडे जुनी तार घेऊन गेलो. पुस्तकांत या पिकअपची तार ‘४२ गेज’ म्हणून दिलेली असते. मामा म्हणाले, "बेचाळीस ना? आहे की," आणि रीळ पुढे केलं. माझ्या खिशात अंबड औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममधल्या मित्राचा मायक्रोमीटर होता. मामांची बेचाळीस नंबर तार ०.१ मिमीची, माझी नमुन्याची ०.०६३. दोघेही बरोबर! पुस्तकातलं ४२ अमेरिकन गेज, आपल्या बाजारात चालतं ते ब्रिटिश. ब्रिटिश मापात जवळची तार ४६ नंबर, ०.०६१ मिमी. पंपाच्या मोटारीला इतकी बारीक तार कशाला लागेल? मामांनी नमुना उजेडात धरून पाहिला: "ही तार आहे का केस?" शेवटी ४६ नंबर मुंबईच्या लोहार चाळीतून मागवली.

हा घोळ लहान वाटतो, पण त्यावर सगळा आवाज अवलंबून आहे. ०.१ मिमीच्या तारेचे त्याच बॉबिनवर फार तर अडीच-तीन हजार वेढे बसले असते आणि आवाज निम्म्याहून खाली गेला असता. बारीक तारेचे ८००० बसतात. एका वेढ्याची सरासरी लांबी साडेतेरा सेंटिमीटर धरली तर पिकअपच्या त्या वीतभरही नसलेल्या डबीत किलोमीटरभर तांबं जातं. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर लावला: ड्रिलच्या चकवर चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा), स्विचच्या दोन वायरी ‘=’ च्या बटणाला. एकात एक मिळवायला सांगून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. ताण फक्त बोटांच्या चिमटीत फेल्टचा तुकडा धरून द्यायचा. जास्त दिला की तार तुटते, कमी दिला की वेढे सैल बसून मोठ्या आवाजात शिट्टी मारतात. गुंडाळण्याआधी या खेपेला कांड्यांवर पातळ टेप लावली. नंतर पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ६०–६५ अंशांवर, पिकअप त्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत. थेट गॅसवर मेण कधीही तापवू नये. मल्टिमीटरवर ६.४ किलोओहम आले. गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाची बाजू उलगडतानाच लिहून ठेवली होती, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ झाला नाही.

आजी आणि नात

आता निर्णयाचा भाग. दुकानाच्या कागदाप्रमाणे नवा नेक बसवला असता तर धडधाकट नेक गेला असता आणि पट्टी कचऱ्यात. तो पर्याय बाद. उरले दोन: हवाईयन ठेवायची, की स्पॅनिश करायची?

आजींचं मत स्पष्ट होतं, ते वाजवायचे तशीच राहू दे. नात म्हणाली, "आजी, मला कॉर्ड वाजवायच्यात, क्लासमध्ये सगळे कॉर्डच वाजवतात." माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण सांगितलं. रिस्टोरेशन म्हणून पाहिलं तर या वाद्याची अस्सल अवस्था कोणती? कारखान्यातून निघालेली की बाबांनी केलेली? माझ्या मते दुसरी. तीत त्याचा वापर दिसतो, आणि वापराशिवाय या प्लायवुडला संग्रहात मोठी किंमत नाही. पण बाबांनीच परतीची वाट ठेवली होती, तर ती नातीने का वापरू नये? अट एकच घातली: यापुढेही नवं भोक नको, नटच्या खाचेला कानस नको, रंगाला हात नको.

पट्टी काढली. पहिल्या फ्रेटवर उंची ०.७ मिमी आली. अर्धा मिमी असती तर बोटांना अजून सोपं गेलं असतं, पण त्यासाठी खाच घासावी लागली असती, नाही घासली. ब्रिज उतरवून बाराव्या फ्रेटवर २.२ मिमी. तारा खाली आल्या तशा पिकअपच्या अंगावर येऊ लागल्या. चुंबक तारेला ओढून धरतो आणि वरच्या फ्रेटांवर सूर थरथरतो, म्हणून ट्यूबचे तुकडे काढून पिकअप खाली बसवले. तारा १० ऐवजी ९ च्या चढवल्या, ताण ३८–३९ किलोवर आला. सळई फिरवता येत नसताना तेवढीच दया. शिसवाच्या कडेतून फ्रेटांची टोकं बोटाला लागत होती. ती एप्रिलमध्ये घासली, कारण नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं तेव्हाच टोकं पूर्ण बाहेर येतात. पावसाळ्यात घासली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टोचतात. रंग फक्त ओलसर फडक्याने पुसला. अक्षरं तशीच.

कॉर्ड सुरात लागल्या. सर म्हणाले, "नेक बदलला वाटतं."

पट्टी, ट्यूबचे तुकडे आणि एक चिठ्ठी बटव्यात घालून केसमध्ये ठेवली आहेत. चिठ्ठीवर दोन्ही मांडण्या: पट्टी आत की बाहेर, ब्रिजच्या चाकांचे फेरे, पिकअपची उंची. हवाईयन मांडणीसाठी तारा सरळ डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी लावायच्या. डी ला षड्ज धरलं की सा प सा ग प सा. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा यात चार तारा उतरतात आणि चढत एकही नाही, त्यामुळे नेकला धोका नाही. नवी दांडी टूलरूममधल्या मित्राने स्टेनलेस स्टीलच्या रॉडमधून फिरवून, घासून चकचकीत करून दिली. दिवाळीच्या सुट्टीत पट्टी परत घालायची असं आजी-नातीत ठरलंय.

एक काम राहिलं आहे. ब्रिज म्हणजे सरळ धातूची पट्टी, प्रत्येक तारेला वेगळा सॅडल (मागेपुढे सरकवता येणारा टेकू) नाही. ती तिरकी बसवून पहिली आणि सहावी तार बाराव्या फ्रेटवर अचूक लावली, बाकीच्याही जवळपास आल्या, पण तिसरी साधी तार अजून थोडी चढते. सरळ ब्रिजच्या गिटारी बनत होत्या तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असायची. तशी एक घातली की ती रांगेत येईल, ब्रिजला हात न लावता. सुटी गुंडाळलेली तिसरी तार नाशकात मिळाली नाही, मुंबईहून मागवली आहे. तोवर मुलीला सांगून ठेवलंय की तिसऱ्या तारेवर बोट हलकं ठेव.